सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील बेटे आणि किनाऱ्यावरची गावे पाण्यावरून कशी पाहावीत

बे एरियात स्थायिक झालेल्या किंवा काही महिन्यांसाठी मुलांकडे राहायला आलेल्या मराठी माणसांचा, ज्या उपसागरावरून या प्रदेशाला नाव पडले त्याच्याशी येणारा संबंध बहुधा पुलांपुरता असतो. गोल्डन गेट पुलावर छायाचित्रे काढली जातात, बे ब्रिजवरून शहरात जा-ये होते, संध्याकाळच्या गर्दीत सॅन मटेओच्या पुलावर गाडी अडकते आणि पाणी मात्र काचेपलीकडेच राहते. वास्तविक या किनाऱ्यावरची जुनी गावे पाण्याकडे तोंड करून वसलेली आहेत. बे ब्रिज १९३६ मध्ये आणि गोल्डन गेट पूल १९३७ मध्ये खुला झाला. त्याआधी सॉसलिटो, टिब्युरॉन, अलामेडा, व्हॅलेहो या गावांहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचे तर बोटीत बसावेच लागे. म्हणून महामार्गावरून गावाच्या पाठीमागून शिरण्याऐवजी बोटीने समोरून गेले, तर धक्का, त्याला लागलेली पेठ आणि तिच्यामागे टेकडीवर चढत गेलेली घरे ही गावाची मूळ मांडणी सहज लक्षात येते.

बेटांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. यांतले जवळजवळ प्रत्येक बेट दीर्घकाळ सामान्य माणसाला बंद होते. कुठे तुरुंग होता, कुठे लष्कराचा तळ, कुठे साथीच्या रोगांसाठी विलगीकरण केंद्र, तर कुठे परदेशातून आलेल्यांना अडवून ठेवण्याच्या बराकी. आज तिथे उतरता येत असले तरी प्रवेश ठरावीक वेळी, ठरावीक धक्क्यावरून आणि ठरावीक बोटीनेच मिळतो. त्यामुळे या सहली मनात आले आणि निघालो अशा होत नाहीत. हवा, पाणी आणि वेळापत्रक या तिन्हींचा मेळ घालून दिवस ठरवावा लागतो, आणि तो कसा घालावा हे सांगणे हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे.

दिवस आणि वेळ

पाहुणे बहुतेक वेळा जून ते ऑगस्टमध्ये येतात, कारण मुलांना तेव्हा सुट्टी असते. पण उपसागराच्या मधल्या भागात नेमके तेच महिने गार, धुक्याचे आणि वाऱ्याचे असतात. किनाऱ्यालगतचे समुद्राचे पाणी अतिशय थंड असल्यामुळे त्यावरची हवा धुक्याने भरते. आतल्या खोऱ्यात उन्हाने जमीन तापली की तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला ही गार हवा गोल्डन गेटच्या अरुंद सामुद्रधुनीतून आत ओढली जाते. सकाळी पाणी शांत आणि आकाश राखाडी, दुपारी ऊन पण जोराचा पश्चिमेचा वारा, संध्याकाळी पुन्हा धुके, असा उन्हाळ्यातला नेहमीचा क्रम आहे. फ्रीमाँट किंवा सॅन होजेहून निघताना अंगाला घाम असतो, म्हणून पातळ कपड्यांवर आलेली माणसे बोटीच्या डेकवर कुडकुडत उभी असलेली दर शनिवारी दिसतात. एक वारा अडवणारे जाकीट, त्याखाली स्वेटर आणि कानांवर येईल अशी टोपी एवढे जुलैतही जवळ असावे.

निवड आपल्या हातात असेल तर सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने धरावेत. तेव्हा वारा मंदावतो, धुके बरेच कमी होते आणि मधल्या उपसागरातला खरा उन्हाळा सुरू होतो. हिवाळ्यात पावसाची एखादी लाट येऊन गेली, की दुसऱ्या दिवशी हवा इतकी स्वच्छ असते की दूरचे डोंगरही रेखीव दिसतात. असा दिवस सुट्टीचा नसला तरी सोडू नये. उन्हाळ्यातच जावे लागले तर टिब्युरॉन आणि एंजल आयलंडची पूर्व बाजू ही ठिकाणे आधी घ्यावीत, कारण उत्तर किनाऱ्यावरच्या मरिनच्या टेकड्या किंवा बेटाचाच डोंगर त्यांना वाऱ्यापासून थोडाफार आडोसा देतो.

भरती-ओहोटीकडे बोटीने फिरणाऱ्याला फारसे लक्ष द्यावे लागत नाही, पण किनाऱ्यावर चालणाऱ्याला आणि पक्षी पाहणाऱ्याला द्यावेच लागते. इथे दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, मात्र दोन्ही सारख्या नसतात: एक भरती मोठी तर दुसरी लहान, आणि तसेच ओहोटीचे. गोल्डन गेटजवळच्या केंद्रात १८५४ पासून पाण्याच्या पातळीची नोंद अखंड ठेवली जात आहे आणि अमेरिकेच्या हवामान व समुद्र विभागाच्या संकेतस्थळावर पुढच्या दिवसांचे तक्ते विनामूल्य मिळतात. तक्ता पाहताना ठिकाणाचे नाव अवश्य तपासावे. गोल्डन गेटला आलेली भरती दक्षिण टोकाला पोहोचायला साधारण तासभर लागतो, आणि तिथे पाणी अधिक उंच चढते. सॅन फ्रान्सिस्कोचा तक्ता पाहून अल्व्हिसोला जाणाऱ्याचा अंदाज हमखास चुकतो.

फेरी बिल्डिंगपासून सुरुवात

सॅन फ्रान्सिस्कोतील १८९८ ची फेरी बिल्डिंग हे बहुतेक प्रवासाचे आरंभस्थान आहे. बार्ट या स्थानिक रेल्वेने यायचे असेल तर एम्बार्काडेरो स्टेशनवर उतरून पाच मिनिटे चालावे. दक्षिणेकडून कॅलट्रेनने आल्यास शेवटच्या स्टेशनाबाहेर एन मार्गाची ट्राम मिळते. गाडी आणायची झाल्यास ती शहरात न आणता लार्कस्पर, व्हॅलेहो किंवा अलामेडाच्या धक्क्यावरच्या वाहनतळात ठेवून तिथून बोटीने शहरात येणे आणि पुढची बोट पकडणे अधिक सोयीचे ठरते.

इथे दोन वेगवेगळ्या सार्वजनिक सेवा आहेत, आणि नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो यामुळेच. उत्तरेकडच्या मरिन किनाऱ्यावरील सॉसलिटो, टिब्युरॉन व लार्कस्परला, तसेच एंजल आयलंडला गोल्डन गेट फेरी जाते; ओकलंड, अलामेडा, रिचमंड, व्हॅलेहो या ठिकाणी सॅन फ्रान्सिस्को बे फेरी जाते. दोन्हींचे धक्के फेरी बिल्डिंगच्या मागे असून गेटना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत. आपली बोट कोणत्या गेटवर लागणार हे फलकावर पाहूनच रांगेत उभे राहावे. बस-रेल्वेच्या भाड्यासाठी वापरले जाणारे क्लिपर कार्ड दोन्हीकडे चालते. पासष्ट वर्षांवरील प्रवाशांना सवलत मिळते, ती वयावर असते, नागरिकत्वावर नसते. तेव्हा भारतातून आलेल्या आई-बाबांनी वयाचा पुरावा जवळ ठेवला की पुरे.

अल्कट्राझ या जुन्या तुरुंगाच्या बेटाची बोट मात्र इथून सुटत नाही, ती पिअर ३३ वरून सुटते. फेरी बिल्डिंगच्या उत्तरेकडच्या धक्क्यांना विषम आणि दक्षिणेकडच्यांना सम क्रमांक आहेत, एवढे लक्षात ठेवले तर पाण्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर पिअर ३३ डावीकडे आहे हे कुणाला विचारावे लागत नाही. चालत वीस मिनिटांच्या आत पोहोचता येते, आणि चालायचे नसेल तर जुन्या रंगीत ट्रामगाड्यांचा एफ मार्ग समोरूनच जातो.

ही बोटसेवा आज एवढी विस्तारलेली आहे त्यामागे एक भूकंपही आहे. ऑक्टोबर १९८९ मधल्या लोमा प्रिएटा भूकंपात बे ब्रिजचा एक भाग कोसळला, पूल महिनाभर बंद राहिला, आणि जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या बोटी पूर्व किनाऱ्यावरून पुन्हा धावू लागल्या. त्या पुढेही चालू राहिल्या. पुलांवर सगळा भरवसा टाकता येत नाही, हे या प्रदेशाने तेव्हा अनुभवले.

पहिली फेरी सॉसलिटोची

पहिल्यांदा बोटीत बसणाऱ्याने सॉसलिटोपासून सुरुवात करावी असे मी सुचवीन. अंतर अर्ध्या तासाचे आहे, वाटेत अल्कट्राझ जवळून दिसते, आणि उतरल्यावर दुकानांच्या रांगेत न रमता उत्तरेकडे साधारण वीस-पंचवीस मिनिटे चालत गेले की बे मॉडेल लागते. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९५७ मध्ये एका मोठ्या गोदामात उपसागराची ही पाणी खेळवलेली प्रतिकृती उभारली. ती सुमारे दीड एकर पसरलेली आहे आणि तिच्यात दिवसभराचे भरती-ओहोटीचे चक्र साधारण पंधरा मिनिटांत पूर्ण होते. जॉन रीबर नावाच्या गृहस्थांनी उपसागरावर दोन मोठे बांध घालून त्याचे गोड्या पाण्याचे तलाव करण्याची योजना मांडली होती. ती चालेल का हे तपासायला हे मॉडेल बांधले गेले आणि ती चालणार नाही हे त्यातून दिसून आले. प्रवेश विनामूल्य आहे, पण ते रोज उघडे नसते, म्हणून वार आणि वेळ आधी पाहून घ्यावी.

मॉडेलच्या कडेने एक चक्कर मारल्यावर पुढच्या सगळ्या सहलींचा नकाशा डोक्यात पक्का बसतो. सॅक्रमेंटो आणि सॅन वाकिन या दोन नद्या कॅलिफोर्नियाच्या सुमारे ४० टक्के भूभागाचे पाणी घेऊन येतात, ते कार्किनेझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून सॅन पाब्लो उपसागरात उतरते आणि तिथून मधल्या भागात येऊन गोल्डन गेटमधून समुद्राला मिळते. दक्षिणेकडचा लांब भाग मात्र या प्रवाहाच्या वाटेत येत नाही. तिथे पाणी भरतीबरोबर येते आणि ओहोटीबरोबर जाते. उपसागराचा पुष्कळसा भाग इतका उथळ आहे की माणूस उभा राहू शकेल, पण गोल्डन गेटखाली तळ शंभर मीटरहून खोल आहे.

परतीच्या बोटीबद्दल एक सूचना. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी शेकडो लोक भाड्याच्या सायकली घेऊन गोल्डन गेट पूल ओलांडून सॉसलिटोत उतरतात आणि परतताना सायकलसह बोटीत बसतात. बोटीवर सायकलींची जागा मर्यादित असते, रांग लांब लागते आणि दुपारी उशिरा आलेल्याला एखादी बोट सोडावी लागते. सायकल बरोबर असेल तर तीनच्या आधीची बोट धरावी.

एंजल आयलंड : पूर्ण दिवस द्यावा

सगळ्या उपसागरात एकच ठिकाण पाहायला वेळ असेल तर ते एंजल आयलंड असावे. तीन चौरस किलोमीटरचे हे डोंगराळ बेट मूळचे कोस्ट मिवॉक या मूळनिवासी लोकांच्या वावरातले. हुआन मानुएल दे अयाला हा स्पॅनिश कप्तान १७७५ च्या ऑगस्टमध्ये इथे नांगर टाकून राहिला, त्याचेच नाव बोट लागते त्या खाडीला आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून बोट अर्ध्या तासाच्या आसपास घेते. टिब्युरॉनहून मधली रॅकून सामुद्रधुनी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. या दोन सेवा वेगवेगळ्या आहेत, तेव्हा ज्या गावाहून गेलो त्याच गावाला परतायचे असे धरून तिकीट काढावे. हिवाळ्यात आणि कामाच्या दिवशी फेऱ्या फार कमी होतात. शेवटची बोट चुकल्यास बेटावर हॉटेल नाही, पूल नाही आणि दुसरी बोटही नाही; म्हणून उतरल्याउतरल्या परतीच्या वेळांचे छायाचित्र फोनमध्ये काढून ठेवावे.

अयाला कोव्हमध्ये खाण्याची सोय असते ती हंगामी, तीवर विसंबू नये. डबा, पाणी आणि थोडे सुके खाणे घरून न्यावे. बेटाभोवती फिरणारा पेरिमीटर रस्ता सुमारे पाच मैलांचा आहे, पण त्या रस्त्याला लागेपर्यंतची पहिली चढण चांगलीच दमवते. पुढे मात्र तो बऱ्यापैकी सपाट आहे आणि बरोबर लहान मुले असली तरी थांबत थांबत तीन-साडेतीन तासांत पुरा होतो. ज्यांना चालणे जमत नाही त्यांच्यासाठी हंगामात ट्रामने बेटाची चक्कर मारण्याची सोय असते. धडधाकट माणसाने लिव्हरमोर शिखरावर जावे: २४० मीटरच्या या माथ्यावरून गोल्डन गेट, बे ब्रिज आणि रिचमंड हे तिन्ही मोठे पूल एका जागी उभे राहून दिसतात.

तरीही या बेटावर जाण्याचे खरे कारण शिखर नसून ईशान्य किनाऱ्यावरचे इमिग्रेशन स्टेशन आहे. १९१० ते १९४० या काळात पॅसिफिक ओलांडून आलेल्या लाखो लोकांची तपासणी इथे झाली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले होते आणि तो कायदा १९४३ पर्यंत टिकला. जे चिनी प्रवासी अमेरिकी नागरिकांची मुले म्हणून येऊ शकत, त्यांची इथे कसून उलटतपासणी होई: गावात तुमच्या घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या दिशेला, शेजाऱ्याच्या मुलांची नावे काय. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोची दप्तरे जळाल्यामुळे कागदोपत्री नाते सिद्ध करणे किंवा खोडणे दोन्ही अवघड झाले होते, त्यामुळे उत्तरांतल्या लहानशा फरकावर माणसाचे भवितव्य ठरे. कुणी काही दिवसांत सुटे, कुणी आठवडे, तर कुणी महिनोन्‌महिने अडकून पडे.

अडकलेल्यांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर चिनी कविता कोरल्या. व्यवस्थापनाने त्या लांबी भरून आणि रंग फासून बुजवल्या, पण कोरलेली अक्षरे थरांखाली राहिली. इमारत पाडली जाणार होती. १९७० मध्ये अलेक्झांडर वाइस या उद्यानरक्षकाला त्या अक्षरांचे महत्त्व जाणवले, चिनी-अमेरिकी समाजाने ती वाचवण्यासाठी चळवळ उभारली आणि बराक टिकली. आत गेल्यावर भिंतीसमोर सरळ उभे राहून पाहिले तर रंगाचा सपाट पृष्ठभागच दिसतो. थोडे बाजूला सरकून, प्रकाश तिरपा पडेल अशा कोनातून पाहिले की अक्षरांच्या कडा सावलीसारख्या उमटतात आणि एक ओळ सापडली की शेजारच्या दहा दिसू लागतात. त्यासाठी गर्दीच्या मागे न धावता एकाच भिंतीपाशी पाच-सात मिनिटे थांबावे. भिंतीला हात लावू नये.

आपल्या लोकांचाही या जागेशी संबंध आहे, आणि तो बहुतेक मराठी कुटुंबांना ठाऊक नसतो याची मला खंत वाटते. भारतातून आलेले अनेक जण इथे अडवले गेले आणि परत पाठवले गेले. १९१७ च्या कायद्याने तर हिंदुस्थानातून मजुरीसाठी येणे जवळजवळ बंदच झाले. कला बगाई ही पेशावरची तरुण स्त्री पती वैष्णोदास आणि तीन मुलांसह १९१५ मध्ये याच बेटावरून आत आली. वैष्णोदासांना नागरिकत्व मिळाले, पण १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिल्यानंतर ते काढून घेण्यात आले आणि १९२८ मध्ये त्यांनी जीवन संपवले. कलाबाई मागे राहिल्या, मुले वाढवली, पुढे आलेल्या अनेक भारतीयांना त्यांनी आधार दिला. बर्कलीत आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे. व्हिसाच्या रांगेत वर्षानुवर्षे काढलेल्या आजच्या पिढीने ही बराक मुलांना आवर्जून दाखवावी.

स्टेशन पेरिमीटर रस्त्यापासून खाली किनाऱ्यालगत आहे, म्हणजे उतरलो तेवढे पुन्हा चढायचे आहे. शेजारच्या जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत २०२२ मध्ये आणखी एक संग्रहालय सुरू झाले आहे. दोन्ही ठिकाणे आठवड्याचे सगळे दिवस उघडी असतीलच असे नाही, आणि बराक बंद असलेल्या दिवशी इतक्या लांब येणे फार जिवावर येते, तेव्हा वार पाहूनच बोटीचे तिकीट काढावे.

अल्कट्राझ

अल्कट्राझविषयी सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात लिहितो. उन्हाळ्यातली तिकिटे कित्येक आठवडे आधी संपतात; पाहुण्यांचे विमानाचे आरक्षण झाले की लगेच ही तिकिटेही काढून ठेवावीत. धक्क्यापासून तुरुंगापर्यंतची चढण सुमारे ४० मीटर उंचीची, म्हणजे तेरा मजल्यांएवढी आहे; गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी विजेवरचे छोटे वाहन असते, त्याची चौकशी उतरल्यावर तिथेच करावी. खाण्याचे पदार्थ धक्क्याच्या आसपासच खाता येतात, वर फक्त पाणी चालते.

संघराज्याचा तुरुंग इथे १९३४ ते १९६३ एवढाच काळ होता, आणि तिथे ऐकायला मिळणारी ध्वनिमुद्रित माहिती बव्हंशी त्याच काळावर आहे. पण उतरल्याबरोबर मान वर करून समोरच्या इमारतीवर आणि पुढे पाण्याच्या टाकीवर लाल रंगात लिहिलेला मजकूर वाचावा. २० नोव्हेंबर १९६९ रोजी मूळनिवासी विद्यार्थी आणि कार्यकर्ते या ओस बेटावर उतरले आणि ११ जून १९७१ पर्यंत त्यांनी ते आपल्या ताब्यात ठेवले. बेट मूळनिवासींना मिळावे ही त्यांची मागणी त्या वेळी मान्य झाली नाही, तरी अमेरिकेच्या मूळनिवासींविषयीच्या धोरणाला त्यानंतर वेगळे वळण लागले. ती अक्षरे उद्यान खात्याने पुसली नाहीत, टाकीची दुरुस्ती करताना ती पुन्हा रंगवून घेतली. बेटावर १८५४ मध्ये पेटलेला दीप हा अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा पहिला दीपस्तंभ होता. फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत समुद्रपक्ष्यांच्या विणीमुळे काही वाटा बंद असतात.

ज्येष्ठ आणि लहान मुले बरोबर असतील तर

चढण नको असेल तेव्हा अलामेडा उत्तम. हे मूळचे बेट नव्हे. ओकलंडची खाडी पुढे सॅन लिअँड्रोच्या उपसागराला जोडणारा कालवा १९०२ मध्ये खोदून पूर्ण झाला आणि द्वीपकल्पाचे बेट झाले. सगळा भाग सपाट आहे, दक्षिणेला लांब पुळण आहे, पाणी उथळ आहे, आणि नौदलाच्या जुन्या विमानतळाच्या धक्क्याला हॉर्नेट ही विमानवाहू नौका संग्रहालय म्हणून उभी आहे. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या अंतराळवीरांना समुद्रातून उचलून घेणारी नौका हीच. आतले जिने शिडीसारखे उभे आहेत, तेव्हा आजी-आजोबांनी मुख्य डेक आणि त्यावरची विमाने पाहून समाधान मानावे.

ट्रेझर आयलंड हे १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी भराव घालून तयार केलेले बेट. तिथे अजून बरेच बांधकाम चालू आहे. शहराचा देखावा पाहण्यापुरते संध्याकाळी जाऊन यावे, त्याहून अधिक वेळ देऊ नये.

व्हॅलेहो, बेनिशिया आणि सामुद्रधुनी

पर्यटकांच्या तासाभराच्या सहल-बोटींवर पैसे घालण्यापेक्षा व्हॅलेहोची साधी प्रवासी बोट घ्यावी, हे माझे ठाम मत आहे. सुमारे एका तासात ती एंजल आयलंडच्या बाजूने, एकट्या लाल खडकाच्या बेटाजवळून, रिचमंडच्या पुलाखालून, ईस्ट ब्रदरच्या १८७४ च्या दीपगृहासमोरून सॅन पाब्लो उपसागरात शिरते आणि उत्तर किनाऱ्याला लागते. पाण्याचा रंग वाटेत हिरवट निळ्यावरून गढूळ तपकिरी होत जातो, तो नद्यांनी आणलेल्या गाळामुळे. जाताना डेकच्या उजव्या बाजूला उभे राहावे, म्हणजे ही दीपगृहाची बाजू समोर येते.

धक्क्यासमोर, अरुंद पाण्यापलीकडे, मेअर आयलंड आहे. नावात बेट असले तरी ते द्वीपकल्प आहे. १८५४ मध्ये इथे नौदलाची पॅसिफिक किनाऱ्यावरची पहिली गोदी सुरू झाली आणि १९९६ मध्ये ती बंद पडली. पाचशेहून अधिक जहाजे व पाणबुड्या इथे बांधल्या गेल्या. विटांच्या प्रचंड शेडमध्ये आता लहान उद्योग आहेत, आणि दक्षिण टोकाच्या टेकडीवर पायवाटा आहेत.

व्हॅलेहोहून बेनिशियाला बसने किंवा टॅक्सीने जाता येते. फेब्रुवारी १८५३ पासून वर्षभर कॅलिफोर्नियाची राजधानी या छोट्या गावात होती आणि त्या वेळचे विटांचे विधानभवन आजही पाहता येते. लष्कराने वाळवंटातल्या वाहतुकीसाठी आणलेले उंट १८६४ मध्ये इथे लिलावात विकले गेले, म्हणून शस्त्रागाराच्या जुन्या कोठारांना उंटांची कोठारे हे नाव चिकटले आहे. मुख्य रस्ता सरळ सामुद्रधुनीच्या काठावर संपतो. १८७९ ते १९३० या काळात अख्ख्या आगगाड्या इथून पलीकडच्या पोर्ट कोस्टाला प्रचंड बोटीवर चढवून नेल्या जात. रेल्वेपूल झाला आणि पोर्ट कोस्टाची भरभराट ओसरली.

परतीला सामुद्रधुनीपलीकडच्या मार्टिनेझहून रेल्वे घ्यावी. कॅपिटल कॉरिडॉरची गाडी मार्टिनेझ ते रिचमंड या टप्प्यात कित्येक मैल पाण्याच्या अगदी काठाने धावते. ओकलंडकडे येताना उजवीकडची खिडकी धरावी. रिचमंडला उतरून बार्ट मिळते, आणि वेळ असेल तर दुसऱ्या महायुद्धात ७४७ जहाजे बांधणाऱ्या तिथल्या गोद्यांच्या व तिथे काम केलेल्या स्त्रियांच्या स्मरणार्थ उभारलेले राष्ट्रीय उद्यानही पाहता येते.

दक्षिण टोकाची मिठागरे

आपल्यापैकी बहुसंख्य लोक ज्या सनीव्हेल, सॅन होजे, फ्रीमाँट परिसरात राहतात, त्याच्या उंबऱ्यावरच उपसागराचे दक्षिण टोक आहे. इथे प्रवासी बोट येत नाही, हा भाग पायीच पाहावा लागतो. शंभरहून अधिक वर्षे किनाऱ्यावरच्या खाजणांना बांध घालून त्यांची मिठागरे केली गेली. पुढे भराव टाकून उपसागर आणखी आटवण्याचे बेत १९५९ च्या एका नकाशातून उघड झाले, तेव्हा बर्कलीतल्या के कर, सिल्व्हिया मॅक्लॉक्लिन आणि एस्थर ग्युलिक या तिघींनी १९६१ मध्ये चळवळ सुरू केली. १९६५ मध्ये कायदा झाला आणि मनमानी भराव थांबला. २००३ मध्ये सरकारने पंधरा हजार एकरांहून अधिक मिठागरे विकत घेतली आणि बांध फोडून तिथे पुन्हा भरतीचे पाणी खेळवायला सुरुवात केली.

पाहायला तीन जागा सोयीच्या आहेत: अल्व्हिसो, पालो आल्टोचे बेलँड्स आणि डंबार्टन पुलाजवळचे डॉन एडवर्ड्स अभयारण्याचे केंद्र. विमानातून लाल दिसणारी तळी ती हीच. मीठ फार वाढले की त्यात तगणारे सूक्ष्म जीव पाण्याला तो रंग देतात. पक्षी पाहायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, भरती चढू लागल्यावर जावे. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर चिखलावर विखुरलेले असतात आणि पूर्ण भरतीला उडून गेलेले असतात. भरतीच्या आधी साधारण दोन तास पाणी त्यांना हळूहळू बांधाकडे रेटत आणते आणि साध्या दुर्बिणीतूनही चोची मोजता येतात. डिसेंबर-जानेवारीतल्या मोठ्या उधाणाला काही पायवाटांवर पाणी येते, त्या दिवशी रबरी बूट घालावेत. चिखल वरून घट्ट वाटला तरी त्यावर पाऊल टाकू नये. अल्व्हिसोपलीकडे दलदलीत बुडत चाललेले ड्रॉब्रिज हे ओसाड गाव रेल्वेमार्गावरून चालत गाठण्याचा मोह काहींना होतो. तिथे जाण्यास मनाई आहे आणि रूळ वाहते आहेत.